मदत हवी आहे: देव सर्वत्र आहे, मग त्याचं तेज मंदिर सोडून कसं गेलं?

नमस्कार मंडळी,

तरुणांच्या बायबल अभ्यासात पुढचा विषय मला मांडायचा आहे: देव सर्वव्यापी आहे असं पवित्र शास्त्र खरंच शिकवतं का? वचनं काढायला बसले आणि एका जागी अडकले.

देव सर्वव्यापी आहे या बाजूची वचनं भक्कम आहेत. स्तोत्र १३९ मध्ये आकाशात चढा, अधोलोकात अंथरूण टाका, समुद्राच्या पार टोकाला जाऊन राहा, देव तिथे आहेच. यिर्मया २३:२४ मध्ये परमेश्वर स्वतःच विचारतो, आकाश आणि पृथ्वी मी भरून टाकत नाही का? हे सुनावलंय खोट्या संदेष्ट्यांबद्दल बोलताना, त्यामुळे त्याला धार आहे.

बाबेलचा बुरूज पाहायला परमेश्वर ‘खाली उतरला’ (उत्पत्ती ११:५), हे मला फारसं खटकत नाही. माणसाला समजेल असं सांगितलंय. योना संदेष्टा तर परमेश्वरासमोरून पळायला तर्शीशच्या जहाजात बसतो आणि वादळात खलाशांना सांगतो, मी समुद्र आणि कोरडी जमीन निर्माण करणाऱ्या देवाला भजतो. उत्तर त्याच्याच तोंडून मिळतं.

पण यहेज्केल संदेष्ट्याच्या पुस्तकातल्या १०-११ अध्यायांचं काय? तिथे दृष्टान्तात परमेश्वराचं तेज करुबांवरून (पंख असलेल्या स्वर्गीय प्राण्यांवरून) उठून यरुशलेमेतल्या मंदिराच्या उंबरठ्यावर येतं, मग पूर्वेच्या दारापाशी, आणि शेवटी नगराबाहेरच्या डोंगरावर. टप्प्याटप्प्याने निघून जातं. आणि २ थेस्सलनीकाकर १:९ मध्ये नाश होणारे प्रभूच्या समोरून दूर केले जातात. सर्वत्र असणाऱ्यापासून दूर म्हणजे कुठे? कृपया वचनांच्या आधारे सांगा, मुलं खोलात जाऊन विचारतात.

प्रतिसाद १:
ताई, १ राजे ८ घ्या. स्वर्गांच्या स्वर्गातही तू मावत नाहीस, मग या मंदिरात कसा मावशील, असं मंदिर बांधणारा राजा शलमोन म्हणतो (८:२७) आणि लगेच विनवतो की तुझी दृष्टी या घराकडे रात्रंदिवस असू दे. देवाचं असणं सगळीकडे, पण कृपेने जवळ राहणं ही त्याची निवड. थेस्सलनीकाकरांमधल्या वचनाशेजारी प्रकटीकरण १४:१० ठेवा: तिथे शिक्षा कोकऱ्यासमक्षच, म्हणजे ख्रिस्तासमक्षच होते. म्हणजे तुटते ती संगती. देव तिथे नसतो असं नाही. एक मात्र मुलांना स्पष्ट सांगा, देव सर्वत्र आहे म्हणजे सर्व काही देव आहे असं नाही. प्रेषितांची कृत्ये १७:२८ (त्याच्या ठायी आपण जगतो, वागतो आणि आहोत) पुष्कळदा त्या अर्थाने ओढलं जातं. चार ओव्या आधी (१७:२४) पौल देवाला जगाचा निर्माता म्हणतो, ते सोबत वाचा.

प्रतिसाद २:
यहेज्केलाला पहिला दृष्टान्त झाला तो यरुशलेमेत नाही, खास्द्यांच्या देशात (बाबेलात) खबार नदीच्या काठी, तिथे नेलेल्या यहूदी बंदिवानांमध्ये. आणि ११:१६ पाहा: ज्या देशांत ते गेले तिथे मी थोडा काळ त्यांचं पवित्रस्थान झालो, असं परमेश्वर म्हणतो. तेज डोंगरावर जाऊन थांबतं ते ११:२३ मध्ये, म्हणजे हे आश्वासन त्याच्या आधीच दिलेलं आहे. अभ्यासात दहावा अध्याय एकटा वाचू नका, अकराव्यासह सलग वाचा.