मदत हवी आहे: रात्री नऊला येणाऱ्या डाउटचं काय करू? (दहावी, मराठी माध्यम, ऑनलाइन)

नमस्कार मंडळी. मी बेळगावात वडगावला राहते. दहावीच्या मराठी माध्यमाच्या मुलांना गणित आणि विज्ञान ऑनलाइन शिकवते. काम एका खाजगी क्लासकडून मिळतं. आठवड्याला सहा तास लेक्चर आणि पैसे तेवढ्याच तासांचे. मुलं ५८. काही निपाणी-संकेश्वरची, काही येळ्ळूरची, निम्म्याहून जास्त खानापूर तालुक्यातली, त्यातही जांबोटी-कणकुंबीच्या बाजूची बरीच.

शिकवायचा मला कंटाळा नाही. मागच्या महिन्यात एक आठवडा वहीत वेळ लिहून ठेवली, कारण दिवस कुठं जातो तेच कळेना. लेक्चर सहा तास, तयारी पाच, वह्यांचे फोटो तपासणं सात. आणि नुसती उत्तरं देणं, म्हणजे मेसेज, व्हॉइस, पालकांचे फोन, हे साडेनऊ तास! लेक्चरपेक्षा जास्त. यातलं बरंचसं रात्री आठ ते साडेदहात, म्हणजे माझ्या घरच्या जेवणाच्या आणि लेकीला झोपवायच्या वेळेत.

आपल्या भागात हे मेसेज जास्त का येतात तेही सांगते, बाहेरच्यांना कदाचित लक्षात यायचं नाही. मराठीतून दहावीचं गणित यूट्यूबवर शोधलं की सगळं महाराष्ट्र बोर्डाचं निघतं. तिकडे बीजगणित आणि भूमितीची पुस्तकं वेगळी. आपल्या कर्नाटक बोर्डाचं गणित एनसीईआरटीवर बेतलेलं, बीजगणित-भूमिती एकत्रच, एकच पेपर, लेखी ८० गुणांचा. परवा एका मुलीनं दोन चलांची रेषीय समीकरणं क्रेमरच्या पद्धतीनं सोडवून पाठवली. निश्चयक मांडलेले, उत्तर बरोबर, अक्षर मोत्यासारखं. खाली लिहिलंय, "टीचर, हे चालतंय काय?" आता तिला नुसतं नाही म्हणून कसं भागेल? ही पद्धत आपल्या पुस्तकात नाही, प्रश्नात पद्धतीचं नाव दिलेलं असेल तर तीच वापरावी लागते, आणि तू जे केलंस ते चुकीचं नाही, हे तिन्ही सांगायला हवं. पोरगी हिरमुसली तर पुढच्या वेळी विचारायचीच नाही. एका डाउटला पंचवीस मिनिटं गेली. ती वाया गेली असं मला वाटत नाही, खरं असे पंधरा आले की रात्र संपते.

त्यात परिपत्रकं कन्नडमधून येतात. पालक फोटो काढून मला पाठवतात, "मॅडम, यात काय लिहिलंय बघा की." दहावीची परीक्षा वर्षातून एकापेक्षा जास्त वेळा देता यायला लागली, तेव्हापासून तर या चौकशा फार वाढल्यात. त्यांना दुसरं कोण सांगणार? म्हणून सांगते.

आता मूळ अडचण. गेल्या महिन्यात मी वेळ ठरवून दिली: डाउट संध्याकाळी पाच ते सात, त्यानंतरचे दुसऱ्या दिवशी. ग्रुपवर तसं लिहिलं. बहुतेकांनी पाळलंही. मग लक्षात आलं की जांबोटीकडचा एक मुलगा एकदम गप्प झालाय. आधी रोज विचारायचा. त्याला स्वतःहून फोन केला तर उचलला वडिलांनी. ते उद्यमबागेत, म्हणजे बेळगावच्या औद्योगिक वसाहतीत, फाउंड्रीत कामाला. घरात फोन एकच, तो दिवसभर त्यांच्या खिशात. ते घरी पोचतात साडेआठ-पावणेनऊला. म्हणजे माझ्या पाच ते सातमध्ये त्या मुलाच्या हातात फोनच नसतो. वडील म्हणाले, "वेळ संपल्यावर टीचरना त्रास द्यायचा नाही म्हणून तोच गप्प बसतोय." मला अगदी कसंसंच झालं.

घरी रेंजही धड नाही. परसात एका कोपऱ्यात थोडी मिळते. लिहिलेला मेसेज जातो, वहीचा फोटो नुसता फिरत राहतो. मग मी लिहिते "फोटो आला नाही, परत पाठव", ते त्याला दुसऱ्या रात्री दिसतं. कधी त्याचे चार-पाच फोटो सकाळी साडेसातला एकदम येऊन पडतात. तेव्हा पोरगं शाळेच्या गडबडीत असणार म्हणून मी उत्तर रात्रीवर ठेवते, आणि रात्री माझा व्हॉइस त्याच्याकडे उघडत नाही. एका उदाहरणाला तीन-तीन दिवस लागतात. असे निदान सात-आठ जण आहेत.

मी वेळेची शिस्त लावली की नेमकी हीच मुलं बाहेर पडतात. शिस्त सोडली की सगळे ५८ नऊला येतात, ज्यांच्याकडे दिवसभर फोन आहे तेही. या सात-आठ जणांसाठी रात्रीचा तास ठेवावा तर बाकीच्यांचे पालक म्हणणार, यांनाच का? तुमच्यापैकी कुणी यातून वाट काढली आहे का? आणि क्लासकडे या साडेनऊ तासांचं कसं बोलावं?

---

निपाणीकर_मास्तर:

ताई, आधी फोटो बंद करा. मी मुलांना सांगितलंय, पुस्तकातला प्रश्न असेल तर फक्त स्वाध्याय क्रमांक, प्रश्न क्रमांक आणि "कुठल्या पायरीला अडलं" एवढं लिहायचं. रेंज नसली तरी एक ओळ जाते. शिवाय कुठं अडलं ते लिहिताना निम्म्या मुलांचं त्यांनाच सुटतं. दुसरं, एकच डाउट पाचजण विचारतात. मी उत्तर एकेकट्याला देत नाही, नाव न घेता ग्रुपवर टाकतो.

पैशांचं म्हणाल तर तोंडी बोलू नका. तुमच्या वहीतला तो आठवडा आहे तसा कागदावर लिहून द्या. "फार काम पडतंय" असं म्हटलं की सगळेच म्हणतात की आम्हालाही पडतंय. आकड्यासमोर तसं म्हणता येत नाही.

---

खानापूर_बेळगाव_रोज:

मॅडम, मी शिक्षक न्हवे. उद्यमबागेत सीएनसी मशीनवर आहे, रोज खानापूरहून जाऊन येतो. तुमचं वाचून एक सांगावंसं वाटलं. ते सकाळी साडेसातचे फोटो पोरगं सकाळी पाठवत नसणार वो. त्यानं रात्रीच पाठवलेले असणार. फोन वडिलांच्या खिशातून गावाबाहेर पडला, रेंज लागली की अडकलेले सगळे एकदम सुटतात. माझ्या फोनचं रोज तसंच होतंय, घरात दिलेला मेसेज खानापूर जवळ आल्यावर जातोय.

म्हणजे त्यांचा फोन दिवसभर पूर्ण रेंजमध्ये आहे, उद्यमबागेत. तुम्ही दुपारी उत्तर दिलासा तर ते तिथंच फोनात उतरून बसतंय. रात्री फोन घरी गेला की पोराला रेंज नसली तरी ऐकायला मिळतंय. तुम्ही रात्री पाठवता म्हणून अडकतंय. वडिलांना फक्त फोटो आपोआप डाउनलोड होतील असं सेटिंग चालू ठेवायला सांगा. व्हॉइस आपोआप उतरतोच.

---

धागाकर्ती:

दादा, हे वाचल्यावर मी त्या मुलाचे महिन्याभराचे मेसेज वर सरकवत पाहिले. तुमचं अगदी बरोबर आहे. फोटो सगळे सकाळी सात वीस ते साडेसातच्या मध्ये आलेत, रविवारी एकही नाही. रविवारी वडिलांना सुट्टी! इतके दिवस माझ्या डोळ्यांसमोर होतं आणि मी समजत होते पोरगं सकाळी उठून पाठवतंय.

मास्तर, क्रमांक लिहायची पद्धत आजच ग्रुपवर टाकली. क्लाससाठी तो आठवडा स्वच्छ कागदावर उतरवून काढलाय, सोमवारी देणार.

---

कंग्राळीची_मावशी:

मीही शिकवत होते, आता निवृत्त. दुपारी उत्तर द्यायचं ठरवलंस तर एक ध्यानात ठेव. त्या उत्तरावर पोराला उलट विचारता येणार नाही, विचारलं तरी तुला दुसऱ्या दिवशी मिळणार. म्हणून उत्तर अर्धं देऊ नको. तो पुढं कुठं अडेल तेही धरून सांग, आणि शेवटी तसलंच एक उदाहरण करायला दे. तुझी पाच मिनिटं जास्त जातील, खरं त्याचे दोन दिवस वाचतील. आणि नऊ वाजता फोन लेकीच्या खोलीत नेऊ नको.

---

धागाकर्ती:

मावशी, तसंच केलं. काल दुपारी सव्वा वाजता त्याला समरूप त्रिकोणाच्या दोन प्रश्नांवर सात मिनिटांचा व्हॉइस पाठवला, शेवटी एक उदाहरण दिलं. दोन टिक लगेच आल्या. आज सकाळी सात चोवीसला फोटो आला, उदाहरण सोडवलेलं, एकच चूक, गुणोत्तर उलटं लिहिलंय. खाली लिहिलंय, "टीचर, रात्री तीनदा ऐकलो."

बाकीच्या सात जणांच्या घरी फोन कुणाच्या खिशात असतो आणि तो दिवसभर कुठं असतो, ते आज-उद्यात फोन करून विचारते. त्यातल्या दोघांच्या घरी फोन आईकडे, आणि आई गावातच शेतावर जाते एवढं कळलंय. त्यांच्याकडे ही युक्ती चालणार नाही. कणकुंबीच्या बाजूला पावसाळ्यात चार-चार दिवस रेंज नसते अशा घरांसाठी कुणी काही केलं असेल तर जरूर लिहा. धागा उघडाच ठेवते.