पान वळतं ते उपासमारीने नव्हे

विषाणू झाडाचं अन्न ओरपतो म्हणून पानं चुरडतात, हे म्हणणं फारसं टिकत नाही. तसं असतं तर जिथे विषाणू जास्त तिथे लक्षणं जास्त, असा सरळ हिशेब लागला असता. प्रत्यक्षात विषाणूने भरलेलं पानही कधी कधी हिरवंगार असतं. चुरडामुरडा म्हणजे पानं वळण्याचा रोग. तो घडवणाऱ्या काही बेगोमोव्हायरसांसोबत (पांढऱ्या माशीमार्फत पसरणारे वनस्पती-विषाणू) सुमारे १३५० बेसचं, म्हणजे तेवढ्या डीएनए-अक्षरांचं, एक उपग्रही, म्हणजे विषाणूच्या आधाराने राहणारं, डीएनए वर्तुळ असतं, बीटासॅटेलाइट. त्यातलं बीटा-सी-१ हे एकच जनुक, विषाणूशिवाय, अरॅबिडॉप्सिस या प्रयोगशाळेतल्या छोट्या रोपात घातलं तरी पानं वर वळतात आणि खालच्या बाजूला फुगवटे येतात. कारण या जनुकापासून बनणारं प्रथिन झाडाच्या एएस-२ प्रथिनाची नक्कल करून त्याच्या जोडीदार एएस-१ प्रथिनाला चिकटतं (ही दोन्ही पानाच्या घडणीला दिशा देतात), आणि पानाची वरची बाजू कुठली, खालची कुठली हेच बिघडतं. शिवाय जॅस्मोनिक आम्ल या झाडाच्या संप्रेरकाचा किडींविरुद्धचा बचावही मंदावतो. विषाणू पसरवणाऱ्या पांढऱ्या माशीचं आयतंच फावतं.

मात्र सगळं खापर प्रथिनांवर नको. काकडी मोझॅक विषाणूसोबत राहणाऱ्या वाय-सॅटेलाइट या छोट्या उपग्रही आरएनएमुळे तंबाखूची पानं पिवळी पडतात ती प्रथिनाशिवाय: त्याच्या आरएनएचे बारीक तुकडे हरितद्रव्य बनवणाऱ्या एका जनुकाशी जुळतात आणि त्या जनुकाचा संदेश (आरएनए प्रत) कापला जातो.