गिरसप्पा प्रत्यक्षात कसा दिसला? : अनुभव धागा

माझ्या पिढीने शाळेच्या भूगोलात ‘शरावती नदीवरील गिरसप्पा धबधबा’ हे शब्द पाठ केले आणि पुढे गाडी हाती आल्यावर मित्रमंडळींसह जोगची, म्हणजे याच धबधब्याची, वाट धरली. मात्र तेथे जाऊन आलेल्या दोघांची वर्णने ऐकली, तर त्यांनी एकच ठिकाण पाहिले असेल यावर विश्वास बसत नाही. म्हणून विनंती अशी की, आपण कोणत्या महिन्यात आणि कोणत्या वाटेने गेलात, आणि कठड्याशी उभे राहिल्यावर नेमके काय दिसले, हे सविस्तर लिहावे. सुरुवात मी करते.

आम्ही पाच मैत्रिणी ऑगस्टमध्ये पुण्याहून निघालो. दोघी आळीपाळीने गाडी चालवत होत्या. कोल्हापूर, बेळगाव, हुबळी, यल्लापूर असे करत रात्री शिरसीला मुक्काम केला आणि सकाळी सिद्धापूरमार्गे आठच्या सुमारास जोगला पोहोचलो. समोर धुक्याची पांढरी भिंत होती आणि तिच्या पलीकडून येणारा खोल, अखंड आवाज पोटात जाणवत होता. कठड्याच्या लोखंडी नळीखाली थेंबांची रांग लागली होती; एक गळाला की तेथे लगेच दुसरा भरत होता. पाऊण तास आम्ही ते थेंबच पाहिले. आजूबाजूची काही कुटुंबे कंटाळून परतली, आमच्यातही ‘निघू या का?’ अशी कुजबुज सुरू झाली.

मग वाऱ्याने धुके उजवीकडून उचलले. धबधब्याच्या चार धारांना वेगवेगळी नावे आहेत. आधी राणी दिसली, खडकाला धरून फेसाळत उतरणारी. नंतर रॉकेट, ज्याचे पाणी कड्यावर आपटून बाणांसारखे बाहेर उसळते. नंतर रोअरर, आणि सर्वांत डावीकडे राजा, जो काठावरून सुटला की कशालाही न टेकता खाली जातो. राजाच्या पाण्याचा एक पुंजका मी नजरेने धरला आणि तो तळाच्या तुषारांत मिसळेपर्यंत मनात सातपर्यंत मोजले. धबधब्याची २५३ मीटर उंची म्हणजे किती, हे मला तेव्हा समजले. दोन मिनिटांत पडदा पुन्हा पडला. आमच्यापैकी एकीलाही छायाचित्र काढण्याचे सुचले नव्हते.

बेळगावहून

ताई, आपल्याला भरलेली शरावती पाहायला मिळाली, याचा मनापासून आनंद वाटला. मी आणि माझे तीन मित्र गेली पस्तीस वर्षे जोगला जात आहोत. पूर्वी मोटारसायकलवर, आता मोटारीने. नव्याने जाणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. १९४८ साली जोगजवळचे वीजकेंद्र सुरू झाले आणि १९६४ साली धबधब्याच्या वरच्या अंगाला लिंगनमक्की धरण उभे राहिले. तेव्हापासून कड्यावरून किती पाणी कोसळेल, हे पावसाइतकेच धरणाच्या साठ्यावर अवलंबून असते. एकदा जुलैमध्ये धो धो पावसात गेलो असताना आम्हांला चार बारीक धारा दिसल्या, कारण धरण अजून भरायचे होते. माझ्या वडिलांनी धरणापूर्वीचा गिरसप्पा पाहिला होता. तेव्हा नदीचा एक काठ मुंबई राज्यात आणि दुसरा म्हैसूरमध्ये होता. ते त्या दृश्याविषयी बोलू लागले की घरातले सगळे हातातली कामे थांबवून ऐकत. वीज हवीच होती, हे मी मान्य करतो. तरीही वडिलांनी पाहिलेला तो प्रवाह मला कधी दिसला नाही, याची हळहळ जात नाही.

रत्नागिरीहून

आमची वाट समुद्राकडची. कारवार, अंकोला, कुमठा करत होन्नावरपर्यंत आलो आणि तेथे ‘गिरसप्पा’ विचारल्यावर लोकांनी शरावतीच्या काठाने आत जाणारा रस्ता दाखवला. तो रस्ता गेरुसोप्पे नावाच्या गावात गेला. गाव सुंदर होते, नदी होती, धबधबा मात्र नव्हता! मराठीत रुळलेले ‘गिरसप्पा’ हे नाव या गावावरून आले आहे. खुद्द धबधबा वर घाटमाथ्यावर आहे आणि तेथे त्याला जोग म्हणतात, हे आम्हां सहा जणांपैकी कोणालाही ठाऊक नव्हते. त्या चुकीमुळे झाडीतली चतुर्मुख बसदी पाहायला मिळाली. चारही दिशांना दारे असलेली ही दगडी जैन वास्तू आहे. सोळाव्या शतकात येथे चेन्नभैरादेवी राज्य करीत होती आणि पोर्तुगीज तिला मिरीची राणी म्हणत. आम्ही तिथून घाट चढून दुपारी जोगला पोहोचलो. आमच्या मते, किनाऱ्याने जाणाऱ्यांनी हा थांबा टाळू नये.

कोल्हापूरहून

आम्ही चौघे फेब्रुवारीत गेलो आणि पहिल्या नजरेत निराश झालो, कारण राजाची एक धार सोडली तर बाकी सारा कडा उघडा होता. मग पायऱ्यांनी तळाशी उतरायचे ठरवले. सुमारे १,४०० पायऱ्या आहेत आणि पावसाळ्यात ही वाट बंद असते. खाली मोटारीएवढाले धोंडे पडलेले आहेत. त्यांतल्या एकावर बसून मान वर केली, तेव्हा काठावरची झाडे कोथिंबिरीच्या काड्यांएवढी दिसली. ती एक धारही खाली येईपर्यंत विरत होती आणि वारा फिरला की तिचे तुषार आमच्या चेहऱ्यावर येत होते. वर येताना एका मित्राचा गुडघा धरला आणि आम्हांला दीड तास लागला. गुडघ्यांचा त्रास असणाऱ्यांनी उतरण्यापूर्वी विचार करावा. पाणी सोबत न्यावे.

ठाण्याहून

आमच्या नशिबी धरणाचे दरवाजे उघडल्यानंतरचा दिवस आला. बेळगावच्या काकांसाठी मुद्दाम लिहिते आहे. राजा, राणी असे काही वेगळे ओळखू येत नव्हते; कड्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत तांबूस पाणी लोटत होते. दरीतून उठलेले तुषार कठड्यापर्यंत येत होते, छत्री उलटी होत होती आणि शेजारच्या मैत्रिणीशी कानाजवळ तोंड नेऊन बोलावे लागत होते. आम्ही चौघी हात धरून उभ्या होतो आणि अंधार पडू लागेपर्यंत जागेवरून हललो नाही. त्या रात्री सागर या गावी मुक्काम केला. पंख्याखाली वाळत घातलेले कपडे सकाळीही ओलेच होते.