मामा तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, तंबू ठोकून कोणी राहिलंय का?

डिसेंबरात आम्ही तिघं गोंदियाकडे निघतो आहोत. रिसॉर्ट नको, जनरेटर नको; तलाव, जंगल अन् शांतता पाहिजे. नवेगाव बांध तलावाच्या काठी तंबू चालते का?

— भाऊ, 2013 पासून तो नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प आहे. मनाला वाटेल तिथं तंबू नाही ठोकता येत. आधी वन विभागाला विचारा.

— मी अर्जुनी मोरगावकडचा. आमच्याकडे गावोगावी मामा तलाव आहेत. मामा म्हणजे माजी मालगुजारी, जुन्या जमीनदारांच्या वेळचे; आईचा भाऊ नव्हे! बरेचसे कोहळी लोकांनी बांधलेले. गावातला एखादा तलाव पाहा, ग्रामपंचायतीला अन् मासेमारी करणाऱ्या ढीवर भावांना सांगून ठेवा.

मी एकदा शहाणपणा करून पाळीखालच्या बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, तंबू लावला. धान कापून झालं होतं, जमीन कोरडी वाटली. पहाटे उठलो तर चादर पिळून काढावी इतकी ओली! वरून दव, खालून पाझर. दुसऱ्या रात्री पाळीपासून दूर, उंचावर गेलो, खाली हातभर तनस (धानाचा पेंढा) अंथरली, तेव्हा कुठं झोप लागली. शेकोटी मात्र तनशीपासून लांब ठेवा. अन् अंधारात एकट्यानं पाण्याकडे जायचं नाही, अस्वलही तिथंच येते.

— तनस कोणी देईल का हो?

— मागा तर खरं. चहाही पाजतील.