मार्चमध्ये ६५ पूर्ण होतायत, नोकरी पुढच्या डिसेंबरपर्यंत, मेडिकेअरला (६५ नंतरचा अमेरिकी सरकारी आरोग्य विमा) नाव नेमकं कधी नोंदवू?

कृष्णाकाठचा – १४ सप्टेंबर २०२५

नमस्कार मंडळी. मी मूळचा सांगलीचा, गेली २६ वर्षं न्यू जर्सीत, एडिसनला. येत्या मार्चमध्ये म्हणजे २०२६ ला मला ६५ पूर्ण होतायत. नोकरी चालू आहे, कंपनीत दीडशेच्या आसपास माणसं, इन्शुरन्स कंपनीचाच आणि त्यात मी आणि बायको दोघं. डिसेंबर २०२६ च्या अखेरीला रिटायर व्हायचं ठरवलंय.

गेले दोन महिने रोज पोस्टात पाकिटं येतायत, किचन काउंटरवर गठ्ठाच झालाय, एकावर तर लाल अक्षरात शेवटची सूचना असं छापलेलं, वर गरुडाचं चित्र, मला वाटलं सरकारीच, मग चष्मा लावून खालची बारीक अक्षरं वाचली तर कुठल्यातरी एजंटचं. बायको म्हणते उशीर नको, जन्मभर दंड बसतो म्हणतात. ऑफिसातला एकजण म्हणतो पार्ट ए, म्हणजे मेडिकेअरचा हॉस्पिटलचा भाग, फुकटच असतो, घेऊन टाक, दुसरा म्हणतो अजिबात घेऊ नकोस तुझं एचएसए (उपचारांसाठीचं करमुक्त बचत खातं) आहे. माझ्या पगारातून दर महिन्याला एचएसएमध्ये पैसे जातात हे खरं. आता कुणाचं ऐकू?

अजून दोन गोष्टी. बायको ६१ ची आहे, इथे तिने जेमतेम तीन वर्षं नोकरी केली, मी मेडिकेअरवर गेलो की तिच्या इन्शुरन्सचं काय करायचं. आणि आई ८४ ची, ग्रीन कार्डवर आमच्याकडेच असते, तिला इथे येऊन साडेतीन वर्षं झाली, तिला मेडिकेअर कधी मिळेल? यातून गेलेलं कुणी असेल तर कृपया सविस्तर लिहा, झोप लागत नाहीये या विषयाने.

नंदिनी_आजी – १४ सप्टेंबर

दादा, आधी तो गठ्ठा रद्दीत टाका आणि निवांत झोपा, तुमच्या हातात भरपूर वेळ आहे. मी इथे शिपमध्ये व्हॉलंटिअर म्हणून बसते, शिप म्हणजे सरकारी पैशावर चालणारं फुकट सल्ला केंद्र, प्रत्येक राज्यात असतं, कॅलिफोर्नियात त्यालाच हायकॅप म्हणतात. आम्ही प्लॅन विकत नाही, कमिशन नाही, त्यामुळे सही करण्याआधी एकदा तरी तिथे फोन करा असं मी सगळ्यांनाच सांगते.

मूळ मुदत सात महिन्यांची असते. वाढदिवसाचा महिना, त्याच्या आधीचे तीन आणि नंतरचे तीन, म्हणजे तुमचे डिसेंबर २०२५ ते जून २०२६. ज्याच्याकडे नोकरीचा इन्शुरन्स नाही त्याने यातच नाव नोंदवायचं आणि तेही वाढदिवसाचा महिना लागण्याआधी, म्हणजे त्या महिन्याच्या एक तारखेला कार्ड चालू. आपल्याकडच्या बऱ्याच जणांची जन्मतारीख शाळेत नाव घालताना मास्तरांनी १ जून लावलेली असते, तीच पासपोर्टवर आलेली असते, त्यांनी लक्षात ठेवा की वाढदिवस एक तारखेचा असला तर सगळं एक महिना आधी सरकतं. १ जूनवाल्याचं मेडिकेअर १ मेला सुरू होतं आणि त्याचे सात महिनेही मे धरून मोजायचे.

तुमचं वेगळं आहे कारण तुमची नोकरी चालू आहे आणि कंपनीत २० पेक्षा जास्त माणसं आहेत. अशा वेळी बिल आधी कंपनीचा इन्शुरन्स भरतो, मेडिकेअर दुसऱ्या नंबरवर, त्यामुळे पार्ट बी, म्हणजे डॉक्टर-तपासण्यांचा भाग, थांबवून ठेवता येतो, दंड बसत नाही. पार्ट बीचा २०२५ चा हप्ता महिना १८५ डॉलर, गरज नसताना तो का भरायचा. नोकरी सुटली किंवा इन्शुरन्स बंद झाला, यातलं जे आधी होईल तिथून आठ महिने मिळतात. पण आठ महिने वापरायच्या भानगडीत पडू नका, तोवर तुम्ही बिनइन्शुरन्सचे फिराल. ऑक्टोबर २०२६ मध्येच अर्ज करा, दोन कागद आहेत, पार्ट ए आणि बी मागायचा अर्ज तुम्ही भरायचा आणि सीएमएस-एल५६४ या फॉर्मवर कंपनीकडून सही आणायची की हा माणूस इथे कामाला होता आणि त्याला इन्शुरन्स होता. अर्जात शेरा लिहायची जागा असते तिथे स्पष्ट लिहा की पार्ट बी १ जानेवारी २०२७ पासून हवा आहे.

आता एचएसए. तुमचा दुसरा सहकारी बरोबर सांगतोय. पार्ट ए सुरू झाला की एचएसएमध्ये पैसे टाकता येत नाहीत. आणि यातली खरी मेख अशी की ६५ नंतर जेव्हा कधी पार्ट ए मागाल तेव्हा तो सहा महिने मागे जाऊन लागतो. हे सहा महिने अर्ज केल्यापासून मागे मोजतात, म्हणजे तुम्ही ऑक्टोबर २०२६ मध्ये अर्ज केलात तर पार्ट ए १ एप्रिल २०२६ पासून धरला जाईल, म्हणून मार्चचा पगार झाला की एचएसएचे पैसे बंद करायला पेरोलला आत्ताच सांगून ठेवा, आणि त्या वर्षाची मर्यादाही तीन महिन्यांचीच, म्हणजे पावच धरायची. आणि हो, तोवर सोशल सिक्युरिटीची पेन्शन सुरू करू नका, ती घेतली की ६५ नंतर पार्ट ए आपोआप गळ्यात पडतो, नको म्हणायची सोय नाही. खात्यात साठलेले पैसे कुठे जात नाहीत, त्यातून पुढे पार्ट बीचे हप्ते भरता येतात, मेडिगॅपचे (मेडिकेअर भरत नाही तो वाटा भरणारा खासगी पूरक विमा) मात्र नाही.

वहिनींचं आणि आईंचं उद्या लिहिते, नातू उठलाय.

गोदातीर – १५ सप्टेंबर

नंदिनीताईंनी आठ महिन्यांचं लिहिलंय त्यात एक गोष्ट मी माझ्या अनुभवावरून जोडतो कारण यात मी पुरता अडकलो आणि दुसऱ्या कुणाचं असं होऊ नये. मी डॅलसजवळ राहतो, एका मध्यम कंपनीत होतो. जून २०२१ ला वयाच्या ६६ व्या वर्षी नोकरी सोडली, पार्ट ए आधीच घेतलेला होता. एचआरने कोब्राचं, म्हणजे नोकरी सुटल्यावर हप्ता स्वतः भरून कंपनीचाच इन्शुरन्स चालू ठेवायच्या सोयीचं, पाकीट हातात दिलं आणि म्हणाले काही काळजी करू नका, हाच इन्शुरन्स अठरा महिने तसाच चालेल. कार्ड तेच, डॉक्टर तेच. मला वाटलं मग मेडिकेअर कोब्रा संपल्यावर घेऊ, सरळ हिशोब आहे.

कोब्रा हा चालू नोकरीचा इन्शुरन्स धरत नाहीत. आठ महिन्यांचं घड्याळ माझी नोकरी सुटली त्या दिवशीच सुरू झालं होतं आणि फेब्रुवारी २०२२ च्या शेवटी संपलंसुद्धा, मी आपला महिन्याला भरमसाट हप्ता भरतोय आणि समजतोय की सगळं ठीक. मग २०२२ च्या दिवाळीत गुडघ्याच्या एमआरआयचं बिल परत आलं, इन्शुरन्सवाले म्हणाले तुमचं वय मेडिकेअरचं आहे, पार्ट बी असता तर त्यांनी आधी भरलं असतं, आम्ही फक्त उरलेलं देणार, तुम्ही घेतलं नाहीत तो तुमचा प्रश्न. ते पत्र मी गॅरेजमध्ये उभा राहून वाचलं, आत येऊन बायकोला सांगायला अर्धा तास लागला.

डिसेंबर २०२२ ला कोब्रा संपला. त्यानंतर मला दार एकच उरलं होतं, दरवर्षी १ जानेवारी ते ३१ मार्च उघडतं ते. २ जानेवारीला फोन लावला, १ फेब्रुवारी २०२३ पासून पार्ट बी मिळाला, तेही त्या वर्षापासून नियम बदलला म्हणून, आधीच्या नियमाने जुलैपर्यंत बसावं लागलं असतं. जानेवारी महिना डॉक्टरचं काहीच कव्हर नव्हतं, पूर्ण महिना मी बर्फात गाडी काढली नाही, पडलो झडलो तर काय म्हणून. आणि दंड दर पूर्ण बारा महिन्यांना १० टक्के, माझे एकवीस महिने मोजले म्हणजे एकदाच १० टक्के बसला. २०२५ मध्ये १८५ च्या जागी मी २०३.५० भरतो. साडेअठरा डॉलर ऐकायला थोडे वाटतात पण हे जन्मभर आहे आणि मूळ हप्ता वाढेल तसा दंडही वाढतो.

दादा, तुम्ही कोब्रा घेतलाच तर बायकोसाठी घ्या, स्वतःसाठी नको.

नंदिनी_आजी – १५ सप्टेंबर

गोदातीर, वाचून वाईट वाटलं. माझ्यासमोर खुर्चीत येऊन बसणाऱ्या बऱ्याच जणांची कहाणी हीच असते, आणि माणसं शिकलेली असतात, हिशोबात पक्की असतात. एचआरला मेडिकेअर माहीत असेल असं धरूनच चालायचं नाही.

वहिनींचं सांगते. त्या स्वतः ६५ च्या झाल्या की पार्ट ए त्यांना तुमच्या जोरावर हप्त्याशिवाय मिळेल, तुमचे ४० क्रेडिट म्हणजे दहा वर्षांची नोकरी झालेली आहे तेवढं पुरतं. भारतातली नोकरी यात धरत नाहीत हे इतर वाचणाऱ्यांसाठी लिहिते, भारत आणि अमेरिकेत तसा करारच नाही, तिकडे तीस वर्षं बँकेत काढलेली असली तरी इथे शून्य. मधली दोन-तीन वर्षं मात्र वहिनींना स्वतंत्र इन्शुरन्स लागेल, एक तर कोब्रा नाहीतर राज्याच्या मार्केटप्लेसवरून (स्वतःचा विमा विकत घ्यायची सरकारी वेबसाइट). कोब्रामध्ये एक चांगला नियम आहे, नोकरी सुटण्याआधीच्या अठरा महिन्यांत तुमचं मेडिकेअर सुरू झालेलं असेल तर बायकोला त्या मेडिकेअरच्या तारखेपासून ३६ महिने कोब्रा मिळतो. तुमचा पार्ट ए मागे जाऊन एप्रिल २०२६ पासून लागणार, म्हणजे हिशोबाने मार्च २०२९ पर्यंत. हे एचआरकडून लेखी घ्या, तोंडी नको.

आईंना ग्रीन कार्डवर इथे सलग पाच वर्षं राहिल्याशिवाय मिळत नाही. पाच वर्षं ज्या महिन्यात पूर्ण होतील त्याच्या भोवती त्यांचे सात महिने. मुलाचे क्रेडिट आईला लागत नाहीत, त्यामुळे पार्ट ए विकत घ्यावा लागेल, २०२५ चा दर महिना ५१८ डॉलर, आणि पार्ट बी वेगळा. नुसता पार्ट बी सुद्धा घेता येतो, बरीच घरं तसंच करतात. मध्ये त्यांना फार काळ भारतात ठेवू नका, सलग राहण्याचा प्रश्न येतो.

सातारची_लेक – १५ सप्टेंबर

थोडंच लिहिते. माझे दीर चौदा माणसांच्या ऑफिसात होते, त्यांना कुणीतरी हेच सांगितलं की नोकरी आहे तर पार्ट बी नको. पण २० पेक्षा कमी माणसं असली की उलटं असतं, मेडिकेअर पहिलं आणि ऑफिसचा इन्शुरन्स दुसरा. त्यांचं अँजिओप्लास्टीचं बिल आलं तेव्हा कळलं. तेव्हा मोठ्या कंपनीचा सल्ला लहान दुकानात, मोटेलमध्ये, दवाखान्यात काम करणाऱ्याने ऐकू नये प्लीज, आधी डोकी मोजा.

कृष्णाकाठचा – १६ सप्टेंबर

खूप खूप आभार सगळ्यांचे. आज एचआरला मेल केला, १४६ जण आहेत म्हणाले, लेखी मागितलंय. एचएसए पुढच्या मार्चअखेर बंद करायचं कॅलेंडरवर लिहून ठेवलं. आता औषधांचं काय? मला मधुमेह आहे, गोळ्या चालू आहेत. आणि मेडिगॅप की अ‍ॅडव्हान्टेज (खासगी कंपनीमार्फत घ्यायचं मेडिकेअर), मार्चमध्येच पार्ट बी घेतला तर मेडिगॅपची निवड आधी करता येईल का? आम्ही दर हिवाळ्यात अडीच महिने सांगलीला असतो तेही सांगून ठेवतो.

नंदिनी_आजी – १६ सप्टेंबर

मधुमेह आहे म्हणजे मार्चमध्ये पार्ट बी मुळीच घेऊ नका. पार्ट बी सुरू झाला की त्या दिवसापासून सहा महिने मेडिगॅपवाले तुम्हाला तब्येतीवरून नाही म्हणू शकत नाहीत, जास्त पैसेही लावू शकत नाहीत. हे सहा महिने एकदाच मिळतात. नोकरी चालू असताना पार्ट बी घेतलात तर ते फुकट जळून जातील आणि रिटायर झाल्यावर कंपनी तुमची शुगर विचारेल. नदीपलीकडे न्यूयॉर्कमध्ये केव्हाही घेता येतो, कनेक्टिकटमध्येही, आपल्या न्यू जर्सीत तसं नाही. म्हणून जानेवारी २०२७ ते जून २०२७ हे तुमचे सहा महिने, त्यात मेडिगॅपचा प्लॅन जी बघा, बहुतेक जण आता तोच घेतात कारण २०२० पासून ६५ चे झालेल्यांना प्लॅन एफ मिळत नाही.

औषधांची मुदत वेगळी आहे, त्यात फसू नका. तिथे आठ महिने नाहीत, कंपनीचं औषधांचं कव्हर गेल्यावर ६३ दिवसांच्या आत पार्ट डी घ्यायचा, नाहीतर दर महिन्याला एक टक्का या हिशोबाने दंड, तोही कायमचा. कंपनी दरवर्षी १५ ऑक्टोबरच्या आत एक पत्र पाठवते की आमचं औषधांचं कव्हर मेडिकेअरच्या तोडीचं आहे, ते एक पानी कंटाळवाणं पत्र टाकून देऊ नका, पासपोर्टच्या फाइलमध्ये ठेवा.

आणि पहिल्या वर्षी पार्ट बीचा हप्ता त्या वर्षीच्या मूळ हप्त्यापेक्षा जास्त आला तर घाबरू नका, ते दोन वर्षांपूर्वीचं उत्पन्न बघतात, तुमच्या बाबतीत २०२७ ला २०२५ चं. नोकरी सुटल्याचं दाखवून एसएसए-४४ फॉर्म भरला की कमी करतात.

अ‍ॅडव्हान्टेज सगळ्यांना वाईट असं मी म्हणणार नाही, पण तो प्लॅन तुमच्या भागातल्या ठरलेल्या डॉक्टरांचा असतो आणि सलग सहा महिन्यांपेक्षा जास्त बाहेर राहिलात तर नाव काढतात. सांगलीला जाणाऱ्या माणसाला मी मेडिगॅपच सुचवीन. मूळ मेडिकेअर भारतात चालत नाही, प्लॅन जीमध्ये परदेशातली इमर्जन्सी थोडी आहे, आधी २५० डॉलर तुमचे, मग ८० टक्के ते देतात, आयुष्यभरात ५०,००० पर्यंत, पण प्रवासाच्या पहिल्या साठ दिवसांतच.

कृष्णाकाठचा – १७ सप्टेंबर

म्हणजे शेवटचे पंधरा दिवस मी सांगलीत उघडा. बायकोला वाचून दाखवलं, ती म्हणते या वेळी संक्रांत करून लगेच परत येऊ. पण ते पंधरा दिवस आईच्या बहिणींकडे मिरजेला असतात, ते मी सोडणार नाही, वेगळा ट्रॅव्हल इन्शुरन्स काढतो. मधुमेह धरणारी पॉलिसी कुणी काढली असेल तर कोणत्या अटी बघायच्या ते सांगा.

गोदातीर – १७ सप्टेंबर

आधीपासूनच्या आजाराचं अचानक बिघडणं धरलंय का ते बघा, आणि दवाखाना थेट पैसे घेतो की तुम्ही भरून मागायचे ते. मी तिकीट काढलं त्याच आठवड्यात पॉलिसी काढतो, उशीर केला तर काही कंपन्या जुना आजार धरत नाहीत. बिलं मूळ प्रत सांभाळा, दवाखान्याच्या शिक्क्यासकट आणि इंग्रजीत मागून घ्या.