प्रतिसाद: ओमानच्या किनाऱ्यावर तंबू
ओमानमधल्या खलूफच्या किनाऱ्यावर मुलांना घेऊन तंबूत मुक्काम करावा का, असं वर विचारलंय, त्यावर थोडी भर. आम्ही मस्कतहून डिसेंबरात गेलो होतो. पांढऱ्या वाळूच्या टेकड्या झकासच, पण किनाऱ्याने गाडी घालण्याआधी भरतीची वेळ बघा, टायरची हवा १५-१८ पीएसआयपर्यंत उतरवा. खरा धोका सबख्याचा, म्हणजे खारट सपाट जमिनीचा! वर मिठाची खपली, खाली नुसता चिखल. आमचं मागचं चाक अस्सं रुतलं की फावडं, पायपुसणी, सगळे उपाय झाले. शेवटी एका कोळीबुवांनी पिकअपने ओढून काढलं, वर सुरमई दिली. पैसे काही घेईनात. तंबूच्या खुंट्या वाळूत टिकत नाहीत, पिशव्यांत वाळू भरून, त्यांना तंबूच्या दोऱ्या बांधून पुरा. आणि पाणी दुप्पट न्या, पोरं अर्धं पाय धुण्यातच संपवतात.