भाताच्या गोदामाचं नाट्यगृह करायचंय: आराखड्याला सुरुवात कुठून करावी?

पायपेटी

नमस्कार मंडळी. सिंधुदुर्गातल्या एका गावातलं आमचं नाट्यमंडळ आहे. मी शाळेत शिकवते आणि मंडळात पेटीवर असते. गावाने भाताचं जुनं गोदाम आम्हाला नाट्यगृहासाठी द्यायचं ठरवलंय. आतून ६० फूट लांब, ३० फूट रुंद. भिंती चिऱ्याच्या, वर लोखंडी कैच्या (छपराचे त्रिकोणी सांगाडे) आणि पत्रा. कैचीचा खालचा बार जमिनीपासून १४ फुटांवर आहे.

एका ओळखीच्या इंजिनिअरने प्रेमाने, फुकट, नकाशा काढून दिला. एका टोकाला ४ फूट उंच पक्का रंगमंच, समोर सपाट जमिनीवर १५० खुर्च्या. नकाशा नीटनेटका आहे, पण बघितल्यापासून मला चैन नाही. रंगमंच मागच्या भिंतीला चिकटलाय. डावीकडून गेलेला नट उजवीकडून यायचा असेल तर त्याला पावसातून गोदामाला वळसा घालावा लागेल.

आणि पाऊस हीच माझी खरी काळजी. काही वर्षांपूर्वी एका सभागृहात आमचा प्रयोग होता, जुलै महिना, वर उघडा पत्रा. शेवटच्या प्रवेशात आई मुलाचं पत्र हळू आवाजात वाचते. नेमकी तेव्हा सर आली. लोक पुढे वाकून कानामागे हात धरायला लागले. आमच्या नटीला ते पत्र अक्षरशः ओरडून वाचावं लागलं. तिचा तेव्हाचा चेहरा मी विसरलेले नाही. ते पत्र ओरडून वाचायचं नाहीच.

आमच्याकडे दशावतारही होणार, स्पर्धेच्या नाटकाच्या तालमीही आणि मुलांची शिबिरंही. आधी काय ठरवायचं आणि नंतर काय, एवढं कुणी सांगाल का?

चिरेबंदी

ताई, मी आर्किटेक्ट आहे. चाळीसेक वर्षांत लहान सभागृहं थोडीच केली, पण त्यांच्याकडून शिकले पुष्कळ. तुम्ही पत्राचा प्रसंग लिहिलात तोच तुमच्या आराखड्याचा पाया. हळू आवाजातलं पत्र शेवटच्या रांगेला ऐकू आलं पाहिजे आणि वाचणारीचे डोळे दिसले पाहिजेत. बाकी सगळं या दोन गोष्टींवर घासून बघा.

आधी डोळे. सपाट जमिनीवर १५० खुर्च्या म्हणजे चौथ्या रांगेपासून मागच्यांना पुढच्यांची डोकी. रंगमंच ४ फूट केला की पहिल्या रांगेची मान दुखते आणि मागच्यांचा प्रश्न सुटत नाहीच. म्हणून पायऱ्या हव्यात. तुमच्या ३० फुटांतून दोन्ही कडांना ४-४ फुटांची वाट सोडली तर रांगेत १३ खुर्च्या बसतात. ९ रांगा, प्रत्येकीला ३ फूट. प्रत्येक पायरी १ फुटाची धरली तर नववी रांग ८ फुटांवर जाते, आणि तिथे उंच माणूस उभा राहिला की त्याचं डोकं कैचीच्या बाराला लागतं! पायरी ९ इंचांची केली तर ६ फुटांवर भागतं, पण मग खुर्च्या एकाआड एक सरकवून लावाव्या लागतात, म्हणजे दोन डोक्यांच्या फटीतून दिसतं.

आता दुसरी मांडणी बघा. रंगमंच लांब भिंतीच्या मधोमध घ्या, १८ फूट रुंद, १४ फूट खोल. मागे ४ फुटांची बोळ सोडा. तुमच्या नटाचा वळसा तिथेच सुटला. लोक तीन बाजूंनी. समोर ४ रांगा, दोन्ही अंगांना ५-५. वाटा सोडून शंभर ते एकशेदहा जण बसतात. पायऱ्या फुटाच्या ठेवल्या तरी शेवटची रांग ४ फुटांवर, कैचीचा प्रश्नच येत नाही, आणि कुणीही रंगमंचापासून १५ फुटांपेक्षा फारसं लांब नाही. मुंबईत जुहूला पृथ्वी थिएटर १९७८ साली उघडलं, वेद सेगन यांनी त्याची रचना केली. तिथेही लोक तीन बाजूंनी बसतात आणि नटाचा श्वास ऐकू येतो. दशावताराला तर हे नवं नाहीच. देवळासमोर एक बाकडं मांडून खेळ होतो तेव्हा लोक असेच बसतात.

यात तोटाही आहे. तीन भिंतींचा दिवाणखाना लावायचं नाटक इथे बसत नाही, कडेच्या लोकांना त्या भिंतीच आडव्या येतात. म्हणून पक्कं काँक्रीटचं काही बांधू नका. ८ बाय ४ फुटांच्या सुट्या लेव्हल्स, म्हणजे हलवता येणारे चौथरे, करा, आज तीन बाजूंनी लावा, स्पर्धेच्या तालमीला एका टोकाला लावा.

आता कान. छपराचा पत्रा पावसाने थरथरतो आणि तो थरथराटच खाली आवाज म्हणून उतरतो. त्याखाली फोमची पातळ चादर लावून काही होत नाही. वजन लागतं. पत्र्याखाली हवेची पोकळी, तिच्यात रॉकवूल (दगडापासून केलेली लोकर), त्याखाली सिमेंट फायबर बोर्डचे दोन थर, सांधे एकावर एक न येऊ देता. कोकणातल्या दमटपणात जिप्सम घेऊ नका. पण ८ मिमीचे दोन थर म्हणजे एवढ्या छपराला साडेतीन-चार टन वजन. जुन्या कैच्या ते पेलतील का, हे स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून लेखी घ्या. हा खर्च सगळ्यात आधी बाजूला काढा. खुर्च्या नंतर येतील, तोवर सतरंज्या चालतील.

घुमण्याचं गणितही सोपं आहे. खोलीचं घनफळ घनमीटरमध्ये घ्यायचं, ०.१६१ ने गुणायचं आणि आवाज शोषणाऱ्या एकूण पृष्ठभागाने भागायचं, की आवाज किती सेकंद घुमतो ते मिळतं. तुमचं गोदाम साधारण ८०० घनमीटर. संवादाच्या नाटकाला घुमणं सेकंदाच्या आत-बाहेर हवं, म्हणजे १३० चौरस मीटरच्या आसपास शोषण लागतं. शंभर माणसंच त्यातलं पन्नासेक देतात, जाड पडदे पंचवीस-तीस. उरलेलं भिंतींवर रॉकवूलचे कापडी पॅनेल लावून भरा, आणि समोरासमोरच्या उघड्या चिऱ्याच्या भिंतींपासून सुरुवात करा. मधोमध उभं राहून टाळी वाजवा, चर्रर्र असा आवाज परत येईल, तो या भिंतींचाच. पखवाज आणि झांज तर त्याहून जोरात घुमतील, म्हणून वादकांच्या पाठीमागची भिंतही विसरू नका.

आणि हे सगळं कागदावर उतरायच्या आधी एक रविवार द्या. गोदामात चुन्याने खऱ्या मापात दोन्ही मांडण्या आखा. प्लास्टिकच्या खुर्च्या मांडा. ते पत्र वाचून बघा.

डिमरबोर्ड

मी प्रकाशयोजना करतो. चिरेबंदीताईंनी सांगितलंच आहे, मी फक्त दिव्यांचं जोडतो. चेहऱ्यावर उजेड साधारण ४५ अंशांतून आला की डोळ्यांच्या खोबणी काळ्या पडत नाहीत. तुमचा बार १४ फुटांवर, रंगमंच २ फूट धरला तर उभ्या नटाचा चेहरा ७ फुटांवर. म्हणजे दिवा चेहऱ्यापासून ७ फूट पुढे टांगायचा. तीन बाजूंच्या मांडणीत तिन्हीकडून उजेड लागतो, म्हणून छताचं बोर्ड लावायच्या आधी कैच्यांना दीड इंची पाइपांची जाळी पक्की करून घ्या. नंतर बोर्ड फोडावे लागतात, आणि पावसाचा आवाज त्याच भोकांतून येतो. जुना पारकॅन (डब्यासारखा रंगमंचाचा दिवा) एकटा १००० वॉट खायचा, एलईडीने तो भार पुष्कळ कमी झालाय. तरीही थ्री-फेज वीजजोडणी मागा, आणि दिव्यांची व ध्वनीची लाइन वेगळी ठेवा, नाहीतर स्पीकरमधून गुणगुण येते.

तिसरी_घंटा

दोनच गोष्टी. दारं दोन हवीत, एकमेकांपासून लांब, बाहेरच्या बाजूला उघडणारी, आणि प्रयोग चालू असताना एकालाही कुलूप नको. दिल्लीच्या उपहार सिनेमात १९९७ साली आग लागली, वेळेत बाहेर पडता न आल्याने ५९ माणसं गेली. दुसरं, छबिलदासच्या, म्हणजे प्रायोगिक नाटकांच्या चळवळीच्या, दिवसांत दादरच्या त्या शाळेच्या साध्या हॉलमध्ये केवढी नाटकं उभी राहिली. जागा साधी आहे म्हणून तिला कमी लेखू नका.

पायपेटी

आठवडाभर उशीर झाला. रविवारी चुना टाकला. शाळेतून आणि देवळातून खुर्च्या आणल्या, चाळीसेक माणसं जमली.

आधी टोकाची मांडणी. पत्र वाचलं. मागच्या रांगेतल्या मुलांनी हात वर केले: शब्द कळले, चेहरा नाही. मग तीन बाजूंची. आमचे दशावतारातले ज्येष्ठ नट त्या चौकटीत नुसतेच उभे राहिले, हळूहळू गोल फिरले आणि म्हणाले, "हयसून सगळ्यांचे डोळे दिसतत." त्यावर कुणी काही बोललं नाही.

नटीने पुन्हा पत्र वाचलं, अगदी घरात वाचावं तसं. ऐकू आलं. पाऊस नव्हता, हे खरं. म्हणून दोन मुलांना शिडीवर चढवून पाइपने छपरावर पाणी सोडलं. पहिल्या दोन ओळींनंतर काहीच ऐकू येईना. मंडळाच्या सगळ्यांनी ते एकत्र ऐकलं, आणि आता छपराच्या खर्चाला कुणाचाच विरोध नाही.

एक राहिलं. मेकअपला जागा कुठे? दशावताराचा पेटारा उघडायला आणि दहा जणांना जमिनीवर बसून रंगायला जागा लागते.

चिरेबंदी

पाणी सोडलंत हे फार चांगलं केलंत. मेकअपची जागा आत शोधू नका. रंगमंचामागच्या भिंतीला बाहेरून ८ फुटांची पडवी काढा, बोळीत उघडणारं दार ठेवा. पडवीला कौलं घाला, पत्रा नको. वाऱ्याची दिशा सांगा, म्हणजे खिडक्या कुठे ठेवायच्या ते बघू. आणि पेटारा ठेवायला एक कोनाडा चिऱ्यातच कोरून घ्या. किती रुंद लागेल ते त्या ज्येष्ठ नटांनाच विचारा आणि मला माप कळवा.